विंटरथर : एका संग्राहकाने रचलेल्या खोल्यांवर इतिहास म्हणून किती विश्वास ठेवावा?

कोरीवखांब यांचा प्रश्न

पुण्यातील अंतर्गत सजावटीच्या एका महाविद्यालयात मी फर्निचरचा इतिहास शिकवते. येत्या एप्रिलमध्ये मी मुलीकडे डेलावेअरमधील विल्मिंग्टनला राहायला जाणार असून, तिच्या घरापासून जवळच असलेले विंटरथर हे संग्रहालय नीट पाहण्याची माझी इच्छा आहे. हेन्री फ्रान्सिस ड्यु पाँट यांचे हे राहते घर १९५१ मध्ये संग्रहालय म्हणून सर्वांना खुले झाले. त्यात सजवलेल्या १७५ खोल्या आणि सुमारे ९०,००० वस्तू आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक वस्तू सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८६० पर्यंत अमेरिकेत तयार झालेल्या किंवा वापरल्या गेलेल्या आहेत, एवढी माहिती मी वाचली आहे.

माझी अडचण अशी आहे की या घरातील अनेक खोल्या मुळात या घराच्या नाहीतच. उत्तर कॅरोलायनापासून न्यू इंग्लंडपर्यंतच्या जुन्या घरांतील लाकडी भिंती, दरवाजे, शेकोट्यांच्या चौकटी आणि जिने काढून आणून त्या येथे बसवण्यात आल्या आहेत. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की वस्तू तिच्या जागेसह वाचायला हवी, कारण खिडकीची दिशा, छताची उंची आणि माणसांची ये-जा यांमुळेच एखाद्या बैठकीला अर्थ येतो. मग ज्या खोलीच्या भिंती एका गावच्या, गालिचा दुसरीकडचा आणि खुर्च्या तिसऱ्या शहरातल्या आहेत, तिच्याकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहावे, की एका श्रीमंत माणसाच्या अभिरुचीचा नमुना म्हणून? आपल्याकडे केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणलेल्या अवशेषांतून मस्तानी महाल पुन्हा उभा केला आहे, आणि तेथेही माझ्या मनात हाच प्रश्न उभा राहतो.

दुसरे असे की तेथील अभ्यासक्रमांविषयी आणि सर्वसामान्यांसाठीच्या उपक्रमांविषयी कोणाला प्रत्यक्ष माहिती असल्यास ती हवी आहे. माझ्या दोन विद्यार्थिनींना जुन्या वस्तूंच्या जतनाचे शिक्षण घ्यायचे आहे, आणि त्यांना ठोस काही सांगता यावे असे मला वाटते.

ब्रँडीवाईनकाठ यांचे उत्तर

मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि संग्रहालयाचा सभासद आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

विंटरथरच्या खोल्या अठराव्या शतकाच्या म्हणून पाहिल्या तर तुमची शंका रास्त ठरते. पण १९३० च्या दशकातील म्हणून पाहिल्या तर त्या अस्सल आहेत, आणि माझ्या मते त्या तशाच पाहाव्यात. मूळ घर १८३९ मध्ये बिडरमन दांपत्याने बांधले तेव्हा ते अवघ्या बारा खोल्यांचे होते, आणि त्याला त्यांनी स्वित्झर्लंडमधील आपल्या कुळाच्या गावाचे नाव दिले. १८८० मध्ये याच घरात जन्मलेले हेन्री फ्रान्सिस तरुणपणी बागकामात आणि गोपालनात रमलेले होते. त्यांनी हार्वर्डमध्ये उद्यानशास्त्राचे शिक्षण घेतले होते. त्या काळी अमेरिकेतील धनिक घरांत युरोपीय फर्निचरलाच मान होता, आणि देशी वस्तूंकडे सहसा कोणी पाहत नसे. १९२३ मध्ये त्यांनी व्हरमाँटमध्ये संग्राहक इलेक्ट्रा वेब यांच्या घरी पाइनच्या साध्या कपाटावर मांडलेली गुलाबी स्टॅफर्डशायर (इंग्लंडमधील) चिनीमातीची भांडी पाहिली, आणि त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर येथे सजावटकार हेन्री डेव्हिस स्लीपर यांचे जुन्या लाकूडकामाने सजवलेले घरही पाहिले. त्यांच्या संग्रहाची दिशा तेथून बदलली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अमेरिकी सजावटकलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत, परदेशातून येणाऱ्या लोकांच्या लोंढ्याने अस्वस्थ झालेला जुना अमेरिकी उच्चवर्ग आपल्या पूर्वजांच्या घरांकडे मोठ्या ओढीने वळला होता, आणि विंटरथरची उभारणी त्या ओढीतूनही झाली आहे. ही गोष्ट ठाऊक नसेल तर तेथील शांत, सुबक दिवाणखाने जरा जास्तच निष्पाप वाटू लागतात.

१९२६ मध्ये वडील वारल्यावर घर त्यांच्या ताब्यात आले, आणि १९२८ पासून त्यांनी ते कित्येक पटींनी वाढवायला घेतले. खोल्या आणून बसवताना त्यांनी कोणते निर्णय घेतले ते दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. उत्तर कॅरोलायनातील वॉरेंटनजवळच्या माँटमोरेन्सी या घराचा कोणत्याही आधाराशिवाय वर चढत गेल्यासारखा दिसणारा वळणदार जिना त्यांनी आणला, आणि स्वतःच्या घरातील संगमरवरी जिना काढून त्या जागी बसवला. मात्र जागेत बसावा म्हणून त्यात फेरफारही करवून घेतले. याउलट चायनीज पार्लरमध्ये, अठराव्या शतकात चीनमध्ये हाताने रंगवलेला भिंतींचा कागद खोलीच्या उंचीपेक्षा मोठा भरला, तेव्हा कागद कापण्याऐवजी त्यांनी छताला गोलाई दिली, म्हणजे कागद वर वळून बसला. पहिल्या ठिकाणी वस्तू जागेपुढे वाकली आणि दुसऱ्या ठिकाणी जागा वस्तूपुढे वाकली. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा या दोन खोल्या विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत.

पोर्ट रॉयल पार्लर ही तेथील सर्वांत प्रसिद्ध खोली फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्डमधील १७६२ च्या एका घरातून आली आहे. तेथील काटेकोर समतोल, म्हणजे समोरासमोर ठेवलेले पिवळ्या कापडाचे सोफे आणि उंच खणांची कपाटे, हा अठराव्या शतकातील नित्याच्या जगण्याचा भाग नव्हता. त्या काळी खुर्च्या भिंतीला लावून ठेवत आणि माणसे आली की पुढे ओढत. दिसते ती रचना ड्यु पाँट यांची आहे, आणि रंगांचा मेळ तर पूर्णपणे एका बागवानाचा आहे. ऋतू बदलला की ते खोल्यांचे पडदे बदलत, आणि जेवणाच्या टेबलावरील भांडी त्या दिवशी बागेत उमललेल्या फुलांशी जुळवून निवडत. बागेचा साठ एकरांचा आराखडाही त्यांनी एकामागून एक फुलणाऱ्या झाडांच्या क्रमाने आखला होता, तेव्हा एप्रिलमध्ये गेलात तर घराआधी बागेतून एक फेरी मारा. खोल्यांतील रंग समजायला तिचा फार उपयोग होतो.

मोडून आणलेल्या घरांविषयी माझे मत मात्र थोडे कठोर आहे. त्यांतील काही घरे पडायलाच आली होती हे खरे. तरीही एखाद्या घराची सर्वोत्तम खोली काढून नेल्यावर मागे जे उरते ते वाचवायला पुन्हा कोणी पुढे येत नाही. नाशिक-पुण्याकडचे वाडे पाडताना सागवानी खांब आणि दरवाजे व्यापारी उचलतात आणि ते कुठल्याशा हॉटेलात जाऊन उभे राहतात, त्यापेक्षा विंटरथरमध्ये निदान प्रत्येक फळीचे मूळ गाव नोंदलेले आहे. या नोंदीची किंमत मोठी आहे.

रंधापटाशी यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण माझा भर वेगळ्या जागी आहे. मी लाकूडकाम करतो, आणि माझ्यासारख्या माणसाला खोलीची मांडणी खरी की रचलेली, या वादापेक्षा वस्तूची खालची आणि मागची बाजू अधिक सांगून जाते. ती खोटी असेल तर खोलीने काही वाचत नाही, आणि ती खरी असेल तर कोणत्याही खोलीत ठेवली तरी बोलते.

अठराव्या शतकातील अमेरिकी कपाटाचा दर्शनी भाग अक्रोडाचा किंवा महोगनीचा असतो. तो पाहून शहर ओळखणे नेहमीच शक्य होत नाही. खण बाहेर काढून तळाची फळी पाहिली की मात्र उलगडा होऊ लागतो, कारण आतल्या भागासाठी सुतार आसपास मिळणारे स्वस्त लाकूड वापरत असे. बॉस्टनकडे ते पांढरे पाइन असते, न्यूपोर्टच्या कामात चेस्टनट वारंवार सापडते, तर फिलाडेल्फियात ट्यूलिप पॉप्लर आणि खणांच्या तळाला पांढरा सीडर दिसतो. करवतीच्या खुणाही तितक्याच बोलक्या असतात. फळीच्या मागे वर्तुळाकार ओरखडे दिसले तर ती गोल करवतीवर चिरलेली आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील आहे, आणि अशा फळीचे कपाट कोणी १७६० चे म्हणून दाखवत असेल तर तेथेच थांबावे. शिवाय लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसत राहते, त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीचे गोल टेबल आज मोजले तर ते पूर्ण गोल भरत नाही.

ही तपासणी विंटरथरमध्ये पद्धतशीरपणे शिकवली जाते. तेथील पहिले संचालक चार्ल्स माँटगोमेरी यांनी वस्तू पारखण्याचे चौदा टप्पे मांडले होते, त्यांत एकंदर रूप, घडण, नक्षी, रंग, साहित्य आणि कारागिरी यांपासून व्यापाराच्या रीती, वस्तूचा वापर, पूर्वीची मालकी आणि तिची आजची अवस्था इथपर्यंत सगळे येते. त्यानंतर १९७४ मध्ये मॅक्लंग फ्लेमिंग यांनी संग्रहालयाच्याच ‘विंटरथर पोर्टफोलिओ’ या नियतकालिकात वस्तू-अभ्यासाचा एक आराखडा प्रसिद्ध केला. तो आजही वर्गात वापरला जातो. तुमच्या विद्यार्थ्यांनी पुण्यातील जुन्या बाजारातले एखादे मोडके कपाट या चौदा प्रश्नांनी तपासून पाहावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

पण तुम्ही जाणारच आहात, तर पोर्ट रॉयल पार्लरइतकाच वेळ डॉमिनी कुटुंबाच्या कार्यशाळेला द्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टन येथे या कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी, म्हणजे चौथे नथॅनियल, पाचवे नथॅनियल आणि फेलिक्स यांनी, अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत घड्याळे आणि फर्निचर बनवले. त्यांचे रंधे, पटाश्या, कातकामाचे चाक, बाके, लाकडी नमुने आणि हिशेबाच्या वह्या हे सगळे एकत्र टिकले आणि विंटरथरमध्ये आले. एवढी संपूर्ण कार्यशाळा टिकणे फार दुर्मीळ आहे. एरवी संग्रहालयांत वस्तू उरते, क्वचित कारागिराचे नावही उरते, पण अमुक खुर्चीसाठी कोणता नमुना धरला, अमुक शेजाऱ्याला काय भाव लावला आणि त्या मोबदल्यात काय घेतले, हे कळत नाही. डॉमिनी फिलाडेल्फियाच्या नामांकित कारागिरांइतके सफाईदार काम करत नव्हते. ते गावचे सुतार होते, चाकेही दुरुस्त करत आणि पवनचक्क्याही उभारत. म्हणूनच त्या काळातील बहुसंख्य माणसांच्या घरी प्रत्यक्षात काय असे, हे त्यांच्या कामातून कळते.

कोरीवखांब यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. डॉमिनी कार्यशाळेचे नाव मी ऐकले नव्हते. आता एक दिवस तिच्यासाठीच राखून ठेवते.

आणखी एक विचारावेसे वाटते. श्रीमंतांच्या घरांची संग्रहालये पाहताना तेथे राबणारी माणसे सहसा दिसत नाहीत. महोगनी कोणी तोडली, चांदीची भांडी कोणी उजळली, आणि हे सारे विकत घेण्याचा पैसा कुठून आला, याविषयी विंटरथर काही सांगते का? आणि तेथील वस्त्रांच्या संग्रहात भारतीय कापड आहे असे मी ऐकले आहे, त्याविषयीही कोणी लिहावे.

ब्रँडीवाईनकाठ यांचे उत्तर

पैशाचे मूळ घरापासून काही मैलांवरच पाहता येते. १८०२ मध्ये ड्यु पाँट घराण्याने ब्रँडीवाईन ओढ्याच्या काठी बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला, आणि ती जागा आज हॅग्ली संग्रहालय म्हणून जपलेली आहे. तेथेही अवश्य जा. दारूला लागणारा सोरा त्या काळी मोठ्या प्रमाणात भारतातून, मुख्यतः बिहार-बंगालमधून, येत असे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सुरुवातीला, १८६१ मध्ये, लॅमॉट ड्यु पाँट सोरा खरेदी करण्यासाठी इंग्लंडला गेले होते, तो सोराही भारतातलाच होता. विंटरथरच्या दिवाणखान्याचा आपल्या उपखंडाशी असा संबंध पोहोचतो, हे मराठी पर्यटकांनी लक्षात ठेवावे असे मला वाटते.

महोगनीचे उत्तर अधिक कठीण आहे. जमैका आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरची ती झाडे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी तोडली, ओढली आणि जहाजांत चढवली. पोर्ट रॉयल घराचे मालक एडवर्ड स्टाइल्स हे बर्म्युडातून आलेले जहाजमालक व्यापारी होते, म्हणजे त्या खोलीची सुबत्ताही त्याच समुद्री व्यापारातून आली. फेरीच्या मार्गदर्शकाला याविषयी विचारा. प्रश्न विचारणाऱ्याला तेथे चांगली उत्तरे मिळतात, असा माझा अनुभव आहे.

एक चित्र मात्र चुकवू नका. जॉन लुईस क्रिमेल यांनी १८१३ मध्ये रंगवलेल्या ‘क्विल्टिंग फ्रॉलिक’ या चित्रात गोधडी शिवण्याचे काम संपून मेजवानी सुरू होण्याचा क्षण आहे. कपाटातील भांडी, भिंतीवरचे घड्याळ आणि टेबलावरची मांडामांड इतकी तपशीलवार आहे की त्या काळातील मध्यमवर्गीय खोली कशी असे, याचा पुरावा म्हणून अभ्यासक या चित्राकडे पाहतात. त्यात एक कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आणि तबक घेतलेली एक कृष्णवर्णीय मुलगीही आहे, आणि त्यांचे चेहरे ज्या तऱ्हेने रंगवले आहेत त्यातून त्या समाजाची दृष्टीही उघड होते.

अलीकडच्या प्रदर्शनांचा कलही बदलला आहे. १९६१ मध्ये जॅकलिन केनेडी यांनी व्हाइट हाऊसच्या नूतनीकरणासाठी समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षपद ड्यु पाँट यांच्याकडे दिले होते, आणि त्या दोघांच्या कामावर येथे २०२२ मध्ये मोठे प्रदर्शन झाले. त्यापाठोपाठ २०२३ मध्ये, जॅकलिन यांचा लग्नातील पोशाख ज्यांनी शिवला त्या कृष्णवर्णीय पोशाखकार ॲन लो यांच्या कामाचे प्रदर्शन भरवण्यात आले. लो यांचे नाव लग्नाच्या वेळी बहुतेक बातम्यांत आलेच नव्हते. ज्या घराची कीर्ती त्याच्या मालकाच्या अभिरुचीवर उभी आहे, त्या घराने अशा कारागिरांना संपूर्ण दालने द्यावीत, हे मला योग्य वाटते.

छीट यांचे उत्तर

भारतीय कापडाविषयी मी लिहिते, कारण माझा अभ्यास त्याच विषयाचा आहे.

विंटरथरच्या वस्त्रसंग्रहात कोरोमांडल किनाऱ्यावर तयार झालेली छीट आणि पलंगपोस आहेत. त्या पलंगपोसांवर बहुधा टेकडीवर उभे असलेले, वळणदार फांद्यांचे एक फुलझाड असते. कापडाला तुरटी आणि लोखंडाचे द्रावण कलमाने लावून मग ते चाय नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांच्या रंगात उकळायचे, म्हणजे तुरटीच्या जागी लाल आणि लोखंडाच्या जागी काळा रंग धरतो. निळ्यासाठी बाकीचा भाग मेणाने झाकून कापड निळीत बुडवायचे. हा रंग धुऊन जात नसे, आणि अशी पक्की रंगाई त्या वेळी युरोपात कोणालाच साधलेली नव्हती. इंग्लंडमधील लोकर आणि रेशीम विणकरांनी या कापडाविरुद्ध एवढा गदारोळ केला की पार्लमेंटने १७०० मध्ये आणि पुन्हा १७२१ मध्ये त्यावर बंदी घातली. मात्र हेच कापड लंडनमार्गे अमेरिकी वसाहतींना विकण्यास १७०० च्या कायद्याने मोकळीक होती. त्यामुळे लंडनच्या गृहिणीला जे निषिद्ध होते ते बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या पलंगांवर राजरोस पोहोचले.

त्याचा पुढचा प्रवासही विंटरथरमध्ये पाहता येतो. अमेरिकेतील बायका छिटेतील फुले-पक्षी कातरून पांढऱ्या कापडावर टाचत आणि त्यांची गोधडी करत, त्यामुळे मच्छलीपट्टणकडील रंगाऱ्याचा एखादा मोर व्हर्जिनियातल्या मुलीच्या गोधडीवर बसलेला सापडतो. त्या गोधडीकडे अमेरिकी वस्तू म्हणून पाहायचे की भारतीय, असा प्रश्न तुमच्या वर्गात नक्की टाका. मला स्वतःला ती दोन्ही देशांची वाटते.

जुने कापड फार काळ उजेडात ठेवता येत नाही. त्यासाठी प्रकाशाची मर्यादा साधारण ५० लक्स मानली जाते, आणि एकदा उडालेला रंग कोणत्याही उपचाराने परत येत नाही. म्हणून तुम्हाला पाहायची असलेली वस्तू त्या दिवशी दालनात असेलच असे नाही. तुम्ही शिकवता, हे कळवून आधीच पत्र लिहा. अभ्यासासाठी राखीव वस्तू पूर्वपरवानगीने पाहता येतात, आणि संग्रहालयाचे ग्रंथालय तर बाहेरच्या वाचकांनाही खुले आहे. जुन्या व्यापाऱ्यांची नमुन्यांची पुस्तके, मूल्यपत्रके आणि घरोघरच्या हिशेबाच्या वह्या तेथे पाहायला मिळतात. माझ्यासारखीला तेथे आठवडाही अपुरा पडेल.

सूक्ष्मदर्शी यांचे उत्तर

मी भारतातील एका जतन-प्रयोगशाळेत काम करते. विद्यार्थिनींविषयीच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून ते देते.

विंटरथर आणि डेलावेअर विद्यापीठ मिळून दोन वेगवेगळे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात, आणि अर्ज करणारे पुष्कळदा त्यांची गल्लत करतात. १९५२ पासूनचा पहिला अभ्यासक्रम वस्तूंच्या इतिहासाचा आहे. तो दोन वर्षांचा असून त्यातून संग्रहपाल, अध्यापक आणि लेखक तयार होतात. १९७४ पासूनचा दुसरा अभ्यासक्रम कलावस्तूंच्या जतनाचा आहे; तो तीन वर्षांचा असतो, आणि त्यातील शेवटचे वर्ष एखाद्या संग्रहालयात प्रत्यक्ष काम करण्यात जाते. चित्रे, कागद, छायाचित्रे, वस्त्रे, लाकूड, ग्रंथ आणि इतर वस्तू यांपैकी एका शाखेत विशेष शिक्षण घेता येते. दरवर्षी साधारण दहाच विद्यार्थी घेतले जातात, त्यामुळे चुरस मोठी असते. तुमच्या विद्यार्थिनींना लाकडाला हात लावायचा असेल तर त्यांनी दुसऱ्या अभ्यासक्रमाकडे पाहावे.

तेथील विज्ञान कसे चालते, याचे एक उदाहरण देते. बॉस्टनचे प्रसिद्ध चांदीकाम करणारे कारागीर पॉल रिव्हिअर यांनी १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकफील्डच्या चर्चसाठी घडवलेले सहा जुळे चांदीचे टँकर्ड, म्हणजे झाकणाचे मोठे पेले, विंटरथरमध्ये आहेत. रिव्हिअरच्या नावाचा ठसा खोटा मारणे सोपे आहे, आणि तसे पुष्कळ झालेलेही आहे. पण अठराव्या शतकातील चांदी जुनी नाणी आणि भांडी वितळवून बनत असल्याने तिच्यात सोन्याचे आणि शिशाचे सूक्ष्म अंश उरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेच्या साहाय्याने चांदी शुद्ध करण्याची रीत आल्यावर हे अंश जवळजवळ नाहीसे झाले. वस्तूला ओरखडाही न काढता क्ष-किरणांनी हे मोजता येते, आणि ठसा काय म्हणतो याला मग तितके महत्त्व उरत नाही. अशा बनावट वस्तू विंटरथर टाकून देत नाही, शिकवण्यासाठी जपून ठेवते. २०१७ मध्ये तर त्यांनी नकली वस्तू कशा ओळखाव्यात यावरच प्रदर्शन भरवले होते. रंधापटाशी यांनी सांगितलेली खणाच्या तळाची तपासणी आणि ही प्रयोगशाळेतील तपासणी ही माझ्या दृष्टीने एकच विद्या आहे.

दुसरे काम आपल्याकडील ग्रंथालयांनाही थेट उपयोगी आहे. २०१९ मध्ये विंटरथरच्या जतनकारांना एकोणिसाव्या शतकातील एका चमकदार हिरव्या कापडी बांधणीच्या पुस्तकात आर्सेनिकयुक्त पन्नाहिरवा रंग आढळला. त्यानंतर त्यांनी अशा पुस्तकांचा शोध सुरू केला, आणि रंग डोळ्यांनी पडताळता यावा म्हणून छटा छापलेल्या वाचनखुणा ग्रंथालयांना वाटल्या. मुंबई-पुण्यातील जुन्या ग्रंथालयांतही त्याच काळातील इंग्लंडहून आलेली कापडी बांधणीची पुस्तके आहेत. अशा चमकदार हिरव्या बांधणीचे पुस्तक दिसल्यास नायट्राइलचे हातमोजे घालून ते हाताळावे, बंद पॉलिथिनच्या पिशवीत वेगळे ठेवावे आणि नंतर हात धुवावेत. फेकून देऊ नये.

सर्वसामान्यांसाठीच्या उपक्रमांबद्दल थोडक्यात सांगते. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत युलटाइड नावाचा नाताळचा उपक्रम चालतो, आणि बागेत वर्षभर फुललेली फुले वाळवून त्यांनी सजवलेले झाड हे त्याचे खास आकर्षण असते. लहान मुलांसाठी बागेत ‘एन्चँटेड वुड्स’ हा स्वतंत्र भाग आहे. भरतकाम आणि फर्निचर यांवर अभ्यासकांच्या परिषदाही होतात, आणि संग्रहालयांत काम करणाऱ्यांसाठी हिवाळ्यात सजावटकलेचा एक लहान अभ्यासवर्ग असतो. तुमच्यासारख्या अध्यापिकेने या अभ्यासवर्गाचा विचार जरूर करावा.

विद्यार्थिनींनी तयारी आजपासूनच करायला हवी. जतनाच्या अभ्यासक्रमासाठी सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र, कला-इतिहास आणि प्रत्यक्ष हातकाम ही तिन्ही अंगे लागतात, आणि सजावटीच्या पदवीत रसायनशास्त्र बहुधा नसते. ते वेगळे शिकावे लागेल. एखाद्या जतन-प्रयोगशाळेत केलेल्या कामाचा अनुभवही लागतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे जतन केंद्र आहे, आणि लखनौला सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. सुरुवात तेथे चौकशी करून करता येईल. प्रत्येक कामाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे, वापरलेली द्रव्ये आणि अमुक उपचार का टाळला याची नोंद त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण मुलाखतीत उमेदवाराने आपले काम पुढे ठेवून त्यावर बोलायचे असते, आणि लाकूडकामाचे, शिवणाचे किंवा चित्रांचे स्वतःच्या हातचे नमुनेही दाखवायचे असतात.